द्राक्षाकडून छापखान्याकडे आणि परत: आमच्या पडवीतला लाकडी प्रेस



गेल्या महिन्यात समूहावर लाकडी घाण्याची आठवण आली होती. त्याखाली एका ताईंनी विचारलं होतं, "तेलाला घाणा होता, उसाला चरक होता, मग फळांचा रस काढायचं लाकडी यंत्र आपल्या घरांत का नव्हतं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन ओळींत मावणारं नाही. शिवाय असं एक यंत्र धारवाडला माळमड्डीतल्या आमच्या मागच्या पडवीत उभं आहे. 2018 साली मी ते एका सुतारमामांच्या मदतीने केलं. तेव्हा ताईंचं उत्तर देणं माझ्याकडे लागतं. मी शिकलो कॉमर्स, नोकरी केली बँकेत. इतिहासाचा अभ्यासक नव्हे, पण खतावणी लिहायची सवय आहे. जमा-नावे नीट मांडायचा प्रयत्न करतो.

आधी आपल्याकडे काय होतं ते पाहू. तेलासाठी घाणा, ज्याला इथे कन्नडमध्ये गाण म्हणतात. लाकडाचं किंवा दगडाचं उखळ, त्यात तिरकी फिरणारी जाड लाट, आणि ती फिरवणारा बैल. इथे दाब येतो तो चिरडून आणि घासून. उसासाठी चरक, तो पूर्वी लाकडीच असे. बाभळीच्या उभ्या लाटा एकमेकींना भिडवलेल्या, त्यांच्यामधून ऊस ओढला जायचा. जुनी माणसं त्या लाटांना नवरा-नवरी म्हणत. पुढे 1870 च्या दशकात बिहारमधल्या बिहिया गावी थॉमसन आणि मिल्न या जमीनदारांनी लोखंडी चरक काढला आणि तो हिंदुस्थानभर पसरला. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगरावरून प्रसिद्ध झाले, पण त्यांच्या कारखान्यात चरकही होत. लाकडी लाटा हळूहळू गुऱ्हाळांतून गेल्या आणि बहुतेक चुलीत गेल्या.

घरात मात्र एक छोटं दाबयंत्र सगळ्यांकडेच होतं. चकलीचा सोऱ्या. आमच्या आजीचा लाकडी होता, वरून दट्ट्या दाबायचा. आईच्या वेळी पितळी आला, त्याला फिरवायची मूठ आणि आटे. आट्यांना जुना मराठी शब्द मळसूत्र. प्रवासातला फिरकीचा तांब्या आठवा. त्याचं झाकण याच मळसूत्राने घट्ट बसायचं, पाण्याचा थेंब बाहेर येत नसे. म्हणजे दट्ट्या होता, मळसूत्र माहीत होतं, सुतार होते, लाकूडही होतं. तरी फळांचा प्रेस नव्हता. कारागिरी कमी पडली म्हणून नव्हता, असं म्हणता येत नाही.

कारण आपल्या हवेत आहे. काढलेला फळांचा रस आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी फसफसायला लागतो. थंड देशात सफरचंदं, द्राक्षं एकदम एका हंगामात पिकतात. त्यांचा रस काढून पिंपात भरायचा, तो आंबला की दारू होते आणि टिकते. त्यांचं तेच गणित होतं. न आंबवता रस टिकवण्याची युक्ती फार उशिरा आली. अमेरिकेत न्यू जर्सीत थॉमस वेल्च यांनी 1869 मध्ये द्राक्षरस तापवून बाटल्यांत बंद केला, तोही पाश्चरच्या शोधानंतर. चर्चमध्ये दारूऐवजी वापरता यावा म्हणून त्यांनी तो केला होता.

आपल्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत आंबवलेला रस ठेवणं शक्यच नव्हतं. मग आपल्या बायकांनी फळ टिकवलं ते ऊन, मीठ आणि साखर यांच्या जोरावर. आमरस हाताने पिळून त्याच दिवशी खायचा, उरला तर ताटात पसरून आंबापोळी. कैरीचं लोणचं, मोरांबा. कोकमाचं पाहा. फळं फोडायची, साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवायची. चार-सहा दिवसांत साखर सालींतलं पाणी ओढून घेते आणि लालभडक रस आपोआप सुटतो. कुणी पिळत नाही, कुणी दाबत नाही. यंत्राचं काम साखरच करते आणि वर तीच रस टिकवते. इतकी सोय असताना मणभर लाकडाचं धूड घरात कोण कशाला ठेवील?

आपल्या शेजारी गोव्यात मात्र फळ दाबायची परंपरा आहे आणि ती नेमकी आंबवण्यासाठीच आहे. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. काजूची बोंडं खडकात कोरलेल्या कोळंबीत टाकून पायांनी तुडवायची, निघालेला रस आंबवून ऊर्ध्वपातन करायचं, ही फेणीची रीत. पुढे तुडवण्याच्या जागी पिंजऱ्यासारखं दाबयंत्र आलं. तुडवल्यावर मागे राहिलेल्या चोथ्यातून शेवटी जो रस निथळतो तो नीरो. आपल्यापैकी ज्यांचे पाहुणे गोव्यात आहेत त्यांनी एप्रिल महिन्यात तो नक्की प्यायला असेल.

आता पश्चिमेकडच्या मळसूत्राची गोष्ट. पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने द्राक्षं दाबण्याच्या स्क्रूच्या यंत्रांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याच्या काळी ती तशी नवीच होती. पुढची हजार-दीड हजार वर्षं युरोपातल्या खेड्यापाड्यांत हेच यंत्र चाललं. जर्मनीतलं माइन्झ हे ऱ्हाइन नदीवरचं गाव, भोवती द्राक्षमळे. तिथल्या गुटेनबर्गने 1450 च्या सुमारास खिळे जुळवून छापायला सुरुवात केली. कागद खिळ्यांवर सगळीकडे सारखा दाबायला त्याने जे यंत्र घेतलं, ते या द्राक्षांच्या प्रेसवरून आलं असं मानतात. छापखान्याला आणि वर्तमानपत्रांना 'प्रेस' म्हणतात ते याच दाबण्यावरून.

म्हणजे हे यंत्र आपल्याकडे आलं ते फळांसाठी नव्हे, अक्षरांसाठी आलं. 1556 साली गोव्यात पहिला छापखाना उतरला. तो खरं तर अबिसीनियाला जायचा होता, पण गोव्यातच राहिला. फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, पण रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. देवनागरीतलं मराठी छापायला 1805 साल उजाडलं. त्या वर्षी विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापून झालं आणि तेही इथून दूर, बंगालमध्ये श्रीरामपूरला.

आणि आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस, मुंबईचे गणपत कृष्णाजी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून आपणही छापावं असं त्यांनी मनावर घेतलं. यंत्र विकत घ्यायला पैसा नव्हता. त्यांनी घरच्या घरी लाकडी प्रेस उभा केला, छापायचा दगड मिळवला, शाईचे प्रयोग स्वतः केले, मग लोखंडी यंत्र घेतलं आणि मराठी पंचांग छापलं. छापील कागदाच्या शाईत चरबी असते म्हणून जुनी मंडळी त्याला शिवत नसत. त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असं सांगतात. आपण आज भिंतीवर जे छापील पंचांग टांगतो, त्याच्या मुळाशी एका माणसाने घरात बनवलेलं लाकडी दाबयंत्र आहे. हे आपल्या मुलांच्या कुठल्या पुस्तकात मला आढळलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता आपल्या हुबळी-धारवाडकडे येतो. या जोडगावात दाबण्याचं काम मोठं होतं ते कापसाचं. 'कुमठा' आणि 'धारवाड-अमेरिकन' ही कापसाची नावं व्यापाऱ्यांच्या तोंडी होती. हुबळी-गदगला सरकी काढून गासड्या बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरण्या होत्या. लहानपणी आम्ही 'प्रेस' म्हटलं की मोठी माणसं विचारायची, "कुठला? कापसाचा की छापायचा?" सदर्न मराठा रेल्वेचा हुबळीचा कारखाना 1885 पासूनचा. त्या रेल्वेने इथे किती घरं आणली ते आपल्या समूहात सांगायला नको. डबे लाकडी असत तेव्हा त्या कारखान्यात सुतारकाम करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. माझ्या सुतारमामांचे वडील त्यातले.

छापायचे प्रेस धारवाडात गल्लोगल्ली होते. बहुतेक काम कन्नडचं, आणि ते योग्यच. पण काही ठिकाणी देवनागरी खिळ्यांच्या पेट्याही होत्या. आपल्या घरांतल्या मुंजीच्या, लग्नाच्या पत्रिका, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, वर्गणीची पावतीपुस्तकं तिथेच छापली जायची. 1976 साली माझ्या लग्नाची पत्रिका सुभाष रोडजवळच्या अशाच एका छोट्या छापखान्यात झाली. खिळे जुळवणारा गडी कन्नडभाषक, मराठी वाचायचा पण बोलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आमच्यापेक्षा चोख. पुढे ऑफसेट आलं, मग संगणक, मग व्हॉट्सॲपवरची पत्रिका. छापखाना बंद झाला तेव्हा देवनागरी खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले. मला कळलं तोवर पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. मागच्या खोलीत पुस्तकबांधणीचा एक हातदाब तेवढा उरला होता, त्याची चौकट तडकलेली. भंगारवाल्याने त्याचा स्क्रू आणि नट सुटा करून ठेवला होता. दीड इंच जाड, चौकोनी आट्यांचा, इंचाला चार आटे. अकरा किलो भरला. 30 रुपये किलोने 330 रुपये दिले आणि स्कूटरवर पायांत ठेवून घरी आणला.

आमच्या सौ. म्हणाल्या, "आता याचं काय करणार?" माझ्या डोक्यात गुटेनबर्ग होता. द्राक्षाचं यंत्र छापखान्यात गेलं, तर छापखान्याचा स्क्रू द्राक्षाकडे परत का जाऊ नये? पण बायकोला असं उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, "रस काढू."

यंत्राचं काम असं. मजबूत चौकट, तिच्या वरच्या आडव्या तुळईत नट बसवलेला, त्यातून स्क्रू खाली येतो. स्क्रूखाली लाकडी दट्ट्या. दट्ट्याखाली लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा, पट्ट्यांमध्ये तीन-तीन मिलिमीटर फट. पिंजऱ्यात जाड पंचाचं फडकं, फडक्यात ठेचलेलं फळ. खाली कोरलेली परात, तिला एक पन्हळ, पन्हळीखाली पातेलं.

जोराचा हिशेब मी कागदावर मांडला. मूठ 18 इंच लांब. एक फेरा मारला की हात सुमारे 113 इंच फिरतो आणि स्क्रू पाव इंच खाली येतो. म्हणजे साडेचारशे पट. हाताने दहा किलोचा जोर लावला तर कागदावर साडेचार टन. प्रत्यक्षात त्यातला तीन चतुर्थांश जोर घर्षणातच जातो. तरी टनभर दाब उरतो आणि तो सगळा चौकट वर उचलून फाडायला बघतो. म्हणून सुतारमामांनी खिळा किंवा नुसता सरस चालणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं. वरची तुळई चार बाय पाच इंची सागाची, उभ्या खांबांना आरपार खाच, तुळईला कुसू, आणि बाहेरून पाचर. दाब वाढेल तसा सांधा आणखी आवळत जातो. साग घरचाच होता, आमच्या जुन्या घराच्या दाराची चौकट, आजोबांनी अळणावरहून आणवलेली.

पिंजऱ्याला मात्र त्यांनी साग नको म्हटलं. सागाला तेल असतं, रसाला वास आणि रंग लागतो. बाभळीत तुरटपणा. त्यांनी शिवणीचं लाकूड सुचवलं. फिकट, हलकं, आणि भिजून वाळलं तरी फारसं वाकत नाही. लोखंड रसाला लागता कामा नये, जांभूळ-आवळ्याचा रस लोखंडाने काळा पडतो. तांब्या-पितळेचं तर कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्या आज्यांनीच शिकवलं आहे. म्हणून पट्ट्या बांधायला स्टेनलेस स्टीलच्या पाट्या आणि स्टेनलेसचेच स्क्रू. लाकडाला पॉलिश नाही, वॉर्निश नाही. छापखान्यातला जुना स्क्रू रॉकेलने, मग सोड्याने, मग गरम पाण्याने धुतला, आणि तो रसाला कुठेच शिवणार नाही अशी रचना केली. छापखाना म्हटला की शिसं आलं, तिथे हयगय नको. वंगण म्हणून मी आट्यांना साजूक तुपाचं बोट फिरवतो आणि काम झालं की पुसून काढतो. गणपत कृष्णाजींना रुचलं असतं.

चार दिवस काम चाललं. मामा माझ्याशी मराठीत सुरू करायचे आणि लाकूड अडलं की कन्नडमध्ये शिरायचे. मी पटाशीवर जरा जोरात ठोकलं की म्हणायचे, "साहेब्र, अवसर माडब्याडरी." घाई करू नका. एकदा त्यांनी नातवाला "गिरमिट आण" म्हणून पाठवलं. तो पोरगा कोपऱ्यावरून कांदा-कोथिंबीर घातलेल्या चुरमुऱ्यांच्या चार पुड्या घेऊन आला. मामांना हवं होतं ते भोक पाडायचं गिरमिट. धारवाडात हा घोळ होणारच. आम्ही आधी खाल्लं आणि मग भोकं पाडली.

खर्चाचा ताळेबंद: मामांची मजुरी 3600, शिवण 900, स्टीलच्या पाट्या 750, स्क्रू-फडकी वगैरे 420, जुना स्क्रू 330. एकूण 6000 रुपये, सागाची चौकट सोडून. बाजारात याहून स्वस्त मिक्सर मिळतो. बँकेच्या नजरेने हे कर्ज मंजूर झालं नसतं.

कुठल्या फळाला हे यंत्र उपयोगी तेही सांगतो. विजापूरची द्राक्षं सगळ्यात उत्तम. पाच किलो ठेचून घातली की तीन लिटरच्या वर रस निघतो, आणि मिक्सरसारख्या बिया भरडत नसल्याने कडवटपणा येत नाही. बनवासीच्या बाजूचा अननस किसून घातला तर छान. जांभूळ हाताने कुस्करून. शिरसीकडचं कोकमही होतं, पण ते मी सांगितलेल्या साखरेच्या रीतीनेच करावं, ती रीत अधिक शहाणी आहे. आपल्या नवलूरच्या पेरूला मात्र हात लावू नका. पेरूचा गर चिकट, फडक्यातून काही येत नाही. त्याची जेली करायची तर शिजवून, फडक्यात बांधून रात्रभर टांगावा. आंब्याला तर हातच हवा. रस मंद आचेवर वाफा येईपर्यंत तापवायचा, उकळू द्यायचा नाही, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरमच भरायचा. मग थोडे दिवस फ्रिजमध्ये राहतो.

मार्चमध्ये द्राक्षं आली की आमच्याकडे गल्लीतली पोरं जमतात. मूठ फिरवायला भांडणं होतात. पन्हळीतून पहिली धार आली की सगळे एकदम गप्प होतात. माझा नातू बेंगळुरूहून येतो, त्याला मराठी समजतं, बोलताना इंग्रजी येतं. पण दट्ट्या, पाचर, पन्हळ, कुसू हे चार शब्द तो बिनचूक म्हणतो, कारण ते त्याने हाताने धरले आहेत.

सुतारमामा 2021 साली गेले. त्यांचा मुलगा चांगला कारागीर आहे. तो आता प्लायवूडची किचनं करतो आणि त्यात त्याला बरकत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पाचरीचा सांधा करायला मात्र आता कुणी सांगत नाही असं तो म्हणाला. मामांचं गिरमिट आणि एक रंधा त्याने मला आणून दिला. रंध्याच्या लाकडावर मामांच्या वडिलांनी कोरलेली दोन कन्नड अक्षरं आहेत.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं. फळांचा प्रेस आपल्याकडे नव्हता कारण त्याची गरज साखरेने, मिठाने आणि उन्हाने भागवली. तो आला तो अक्षरं घेऊन आला, आणि आपल्या भाषेतली अक्षरं या गावात छापायचं काम त्याने शंभराहून अधिक वर्षं केलं.

आता माझी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या चरकाची लाट, लाकडी सोऱ्या, शेवयांचा साचा, पुस्तकबांधणीचा दाब किंवा देवनागरी खिळ्यांची एखादी पेटी असेल, तर घराची वाटणी किंवा अपार्टमेंटचं काम निघायच्या आधी तिचा फोटो इथे टाका. वस्तू ठेवायला जागा नसली तरी हरकत नाही, पण तिच्या भागांना घरात काय म्हणत ते शब्द खाली लिहा, मराठीत असोत की कन्नडमध्ये. धारवाड, हुबळी, बेळगाव, गदग, विजापूर, जिथले असतील तिथले. मी वहीत उतरवून घेतो आहे. आतापर्यंत 63 शब्द झालेत.